ऑफिसच्या वाटेवर सायकल अडली तर

सायकलने कामावर जाणाऱ्याला बहुतेक वेळा अडवतं ते पंक्चर. पण चाक बसलं म्हणजे ट्यूबला भोक पडलंच, असं नाही. आपल्याकडच्या साध्या सायकलींच्या जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवर बारीक रबरी नळी चढवलेली असते. ती चिरली, की हवा तिथूनच निसटते. व्हॉल्व्हच्या तोंडावर थेंबभर पाणी लावून पाहावं. बुडबुडे आले तर आधी ती नळी बदलावी. काम काही रुपयांचं.

खरंच पंक्चर असेल, तर रस्त्यात ठिगळ लावत बसू नये असं माझं मत. सोल्यूशन लावल्यावर काही मिनिटं वाळू द्यावं लागतं, आणि मस्टर गाठायच्या घाईत नेमकं तेच होत नाही. त्यापेक्षा पिशवीत जादा ट्यूब, टायर काढायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, चाकाच्या नटाचा पाना आणि छोटा पंप ठेवावा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवावं, अर्थात जपून. बाभळीचा काटा तिथेच रुतून राहिला असेल, तर नवी ट्यूब पुढच्या चौकापर्यंतही टिकत नाही.

गिअरच्या सायकलीची चेन उतरली, तर मागचा गिअर बदलणारा हात पुढे ढकलावा. चेन सैल पडते. ती पुढच्या चक्राच्या वरच्या दात्यांवर बसवून पेडल हातानेच पुढे फिरवावं. बोटं काळी होतात, म्हणून जुना हातमोजा जवळ असावा.

ब्रेकची तार तुटली, तर मात्र उतरून सायकल हाती धरून सरळ दुकान गाठावं.