हिरवा दिवा लागण्याआधी

ऑटोमॅटिक गाडी म्हटलं की आपल्याकडे लगेच शेरा मिळतो, ‘ती काय, बायकांची गाडी!’ क्लच नाही, गिअरची कटकट नाही, मग त्यात कौशल्य ते काय? असं म्हणणाऱ्यांनी टर्बोची ऑटोमॅटिक गाडी ड्रॅग स्ट्रिपवर कशी सोडतात, ते एकदा बघावं.

ड्रॅग स्ट्रिप म्हणजे शर्यतीसाठीच बांधलेला सरळसोट रस्ता. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात आणि पाव मैल, म्हणजे साधारण ४०२ मीटर पळतात. सगळा खेळ काही सेकंदांचा, त्यामुळे सुटतानाच गडबड झाली की संपलं.

टर्बो फिरतो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. गाडी उभी असताना धूर थोडा, म्हणून टर्बोही सुस्त. कुकरमध्ये वाफ धरल्याशिवाय शिट्टी होत नाही ना, तसंच! मग डावा पाय ब्रेकवर घट्ट ठेवून उजव्या पायानं ॲक्सिलरेटर हळूहळू दाबायचा. गाडी जागच्या जागी गुरगुरते, टर्बोचा दाब चढतो. पण हे दोन-तीन सेकंदच हं. जास्त वेळ धरलं तर गिअरबॉक्सचं तेल तापतं आणि मोठा खर्च गळ्यात पडतो. समोर पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं खाली उतरत येतात. शेवटचा पिवळा दिसला की ब्रेक सोडायचा. हिरव्याआधी निघालात तर लाल दिवा, थेट बाद! एकदम जोर दिला तर चाकं जागीच गरगरतात. नुसती ताकद असून भागत नाही, ती आवरून धरावी लागते.

हे बायकांना जमतं? अमेरिकेच्या शर्ली मल्डाउनीनं १९६५ मध्ये ‘एनएचआरए’ या संघटनेचा परवाना मिळवला. १९७७, १९८० आणि १९८२ अशी तीनदा ती ‘टॉप फ्युएल’ या सर्वांत वेगवान प्रकारात अजिंक्य ठरली. तिच्या गाड्या वेगळ्या जातीच्या, पण सुटण्याची कसोटी तीच. १९८४ च्या अपघातात तिचे पाय पार मोडले, तरी १९८६ मध्ये ती पुन्हा शर्यतीत उतरली.

ही शर्ली पोरवयात गावातल्या रस्त्यांवरच शर्यती लावायची. अशी मुलं रस्त्यावरून उठून सुरक्षित जागी यावीत, म्हणून तर वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये ही संघटना काढली होती. आपल्याकडेही लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. पण छोट्या गावातल्या पोरांना रात्रीचा बायपासच दिसतो. तिथे ना हेल्मेट, ना रुग्णवाहिका, आणि समोरून येणाऱ्या सायकलवाल्याला तर शर्यतीची खबरच नसते.

म्हणून नुसतं ‘हळू चालव रे’ म्हणून भागणार नाही. वेगाची हौस असेल तर जागा ठरलेली हवी, नियम हवेत, शिकवणारं कुणी हवं, हे घरात बसून बोलायला हवं. आणि बोलताना लेकीलाही शेजारी बसवा. न जाणो, हौस तिलाच जास्त असेल!