गाडीचा कॉम्प्युटर दाब मोजत नाही

गावात गाडी झकास चालते. चार माणसं बसवून औंढा नागनाथकडच्या चढाला लागलं की मात्र पिकअप घेत नाही, गचके देते. प्लग बदलले जातात, मग कॉइल. पेट्रोलच्या दाबाचा विचार सगळ्यांत शेवटी होतो.

साध्या एमपीएफआय गाड्यांत बहुधा इंधनाच्या दाबाचा सेन्सरच नसतो. इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा एवढंच कॉम्प्युटर ठरवतो. मागे तीन-चार बार दाब आहे, हे तो गृहीत धरतो. हा दाब 3 वरून 2 बारवर आला, तर पेट्रोल साधारण 18 टक्क्यांनी घटतं; एक तृतीयांशाने नाही, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरला ही तूट कळते आणि इंजेक्टर जास्त वेळ उघडून ती भरली जाते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर ही सोय उरत नाही.

घरी आधी कान वापरा. किल्ली ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोनेक सेकंद गुणगुण आली तर पंप फिरतोय. दाब मात्र गेजच सांगेल. पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधला दाब उतरेल. इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, जोडाला फडकं गुंडाळा आणि पेट्रोलचं गेज टी-जोडाने बसवा. काम उघड्यावर करा. बिडी ओढत सल्ले देणारे शेजारी लांबच बरे. मग वायर, फ्यूज परत लावून किल्ली ऑन करा. काटा लगेच सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याला पोचावा आणि किल्ली बंद केल्यावर काही मिनिटं टिकावा. चढलाच नाही, तर संशय पंपावर किंवा फिल्टरवर. चढून लगेच घसरला, तर पंपाचा वनवे व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर.

जुन्या पद्मिनी गाडीच्या जमान्यात पंप इंजिनावर असे आणि पेट्रोल ओढून घेई. ओढताना दाब उतरतो आणि पेट्रोल लवकर उकळतं. म्हणून मराठवाड्याच्या मे महिन्यात पंपावर ओलं फडकं टाकावं लागे. आताचा पंप टाकीत बसून पेट्रोल ढकलतो. त्याला थंडही तेच पेट्रोल ठेवतं, त्यामुळे कायम रिझर्व्हवर गाडी पळवणं त्याला महागात पडतं.

कॉमन रेल डिझेलची हाय प्रेशर लाइन घरी उघडू नका. तिथे दाब हजार बारच्या पुढे जातो. ती धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण लगेच सर्जन गाठावा लागतो.