पिंपरीच्या मातीतलं औषध आणि एक वनस्पतिरोगतज्ज्ञ

पेटच्या तयारीला लागलेल्या एका ज्युनियरने परवा विचारलं, "ताई, संशोधनाचा विषय सापडतो कुठे?" मी तिला नेहमीचं उत्तर दिलं: पेपर वाच, गॅप शोध. घरी येताना पिंपरीत एच.ए. कंपनीवरून बस गेली आणि वाटलं, याचं खरं उत्तर तर इथेच आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. 'बायोटेक्नॉलॉजी' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर डीएनए येतो. पण हा शब्द डीएनएची रचना कळण्याच्या कितीतरी आधीचा आहे. कारोली एरेकी या हंगेरियन अभियंत्याने १९१९ साली मांस, चरबी आणि दुधाच्या मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनावर एक पुस्तक लिहिलं आणि त्याच्या नावातच हा शब्द वापरला. त्याचा अर्थ सरळ होता: कच्चा माल सजीवांच्या मदतीने उपयोगी वस्तूत बदलणं. या अर्थाने पिंपरीत बायोटेक्नॉलॉजी १९५० च्या दशकातच आली. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ ची. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या या सरकारी कारखान्यात पुढच्याच वर्षी पेनिसिलिन तयार होऊ लागलं.

शेतातून टाकीकडे

या कारखान्याच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते डॉ. एम. जे. तिरुमलाचार (१९१४–१९९९). ते ना डॉक्टर होते, ना औषधशास्त्रज्ञ. मूळचे कर्नाटकातले, आणि विषय पिकांवरच्या बुरशीचा. तांबेरा आणि काणी हे शेतकऱ्याला चांगले ठाऊक असलेले रोग ज्या बुरशींमुळे होतात, त्यांच्या वर्गीकरणात त्यांचं नाव मोठं होतं. बी. बी. मुंडकर यांच्यासोबत त्यांनी भारतातल्या काणीच्या बुरशींवर ग्रंथ लिहिला. बुरशीच्या एका प्रजातीला त्यांनी दिलेलं 'मुंडकुरेला' हे नाव याच सहकाऱ्याचं.

मग पेनिसिलिनच्या कारखान्यात बुरशीच्या माणसाचं काय काम? एक तर पेनिसिलिन स्वतःच बुरशीपासून मिळतं. दुसरं कारण जास्त रंजक आहे. प्रतिजैविकं जिवाणू मारतात, बुरशीला हातही लावत नाहीत. जिवाणू मेले की तोंडात, आतड्यात, योनीमार्गात कॅन्डिडासारख्या बुरशीला मोकळं रान मिळतं. म्हणजे अँटिबायोटिक्स जितकी जास्त वापरली जातील, तितकी बुरशीवरच्या औषधाची गरज वाढणार. त्या काळात अशी औषधं मोजकीच होती. त्यातलं निस्टॅटिन १९५० मध्ये अमेरिकेत एका शेतातल्या मातीतून मिळालं होतं.

माती ते रेणू

तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही मातीच तपासली. पद्धत आजही तुम्ही एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला करता तीच. माती पाण्यात विरळ करायची, प्लेटवर पसरायची. काही दिवसांनी खडूच्या भुकटीसारख्या कोरड्या वसाहती दिसतात, ते स्ट्रेप्टोमायसिस. पहिल्या पावसाचा मातीचा वास येतो तो मुख्यतः यांच्यामुळे. मग त्यांच्याजवळ कॅन्डिडा वाढवायची. मध्ये स्वच्छ पट्टा दिसला तर तो जिवाणू बुरशीला मारणारं काहीतरी सोडतोय.

अशा शोधातून मिळालेल्या एका जिवाणूचं नाव त्यांनी ठेवलं 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना', म्हणजे आपल्या पिंपरीचा. त्याच्यापासून मिळालेलं औषध 'हॅमायसिन'. त्यातलं 'हॅ' म्हणजे एच.ए. कंपनी. त्याचा शोधनिबंध १९६१ साली कंपनीच्याच 'हिंदुस्तान अँटिबायोटिक्स बुलेटिन' या नियतकालिकात आला.

हॅमायसिन काम कसं करतं? बुरशीच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पेशींत त्याच्या जागी कोलेस्टेरॉल. हॅमायसिन अर्गोस्टेरॉलला चिकटतं, पटल गळकं होतं, आतले क्षार बाहेर जातात आणि पेशी मरते. पण अर्गोस्टेरॉल आणि कोलेस्टेरॉल तसे चुलतभाऊच. त्यामुळे या गटातल्या औषधांचा थोडा मारा आपल्या पेशींवरही होतो. ॲम्फोटेरिसिन बी याच कुटुंबातलं. त्याने मूत्रपिंडाला होणारा त्रास डॉक्टरांना चांगलाच माहीत आहे.

मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. हा माणूस पिकं विसरला नाही. त्यांच्याच विभागातून 'ऑरिओफंगिन' आलं, ते पिकांवरच्या बुरशीसाठी. ते झाडात शोषलं जातं आणि आतून पसरतं. भातावरचा करपा, लिंबूवर्गीय झाडांचा डिंक्या यांवर ते वापरलं गेलं. नारळाला तर मुळातून दिलं गेलं. १९६७ मध्ये तिरुमलाचार यांना जीवशास्त्रासाठीचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

माझ्या प्लेटवरचा पट्टा

आता थोडं माझं. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मीही चाकणजवळच्या शेतातली माती आणली होती. चौसष्ट जिवाणू वेगळे केले, अकरांनी पट्टा दाखवला. एक तर इतका सुंदर की मी फोटो घरी पाठवला. आई म्हणाली, "म्हणजे झालं का तुझं?" मलाही तसंच वाटलं होतं. मग अर्काचा यूव्ही स्पेक्ट्रम काढला. ३६० ते ४०५ नॅनोमीटरच्या दरम्यान तीन टोकं, अगदी हेप्टेन गटाची ओळखीची खूण. पुढच्या तपासणीत कळलं की रेणू आधीच माहीत असलेला आहे. सात महिने गेले होते.

या तपासणीला 'डीरेप्लिकेशन' म्हणतात: सापडलेलं आधी कुणाला सापडलंय का, हे लवकरात लवकर पाहणं. १९६१ मध्ये मातीतून नवा रेणू मिळण्याची शक्यता बरीच होती. आज सोपी फळं तोडून झाली आहेत, म्हणून ही पायरी शेवटी नाही, सुरुवातीलाच हवी. मी ती उशिरा केली. तुम्ही करू नका.

त्या ज्युनियरला मी आता असं सांगेन. सिनॉप्सिस लिहिण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर उतरव. मला आधीपासून काय नीट ओळखता येतं? (तिरुमलाचारांना बुरशी ओळखता येत होती.) ते ज्ञान शेजारच्या कुठल्या क्षेत्राला हवं आहे? आणि मला जे सापडेल ते नवं आहे की नाही, हे मी कितव्या महिन्यात तपासणार?

तिसऱ्या उत्तरात 'दुसऱ्या वर्षी' लिहिलं असेल, तर कागद फाडून पुन्हा लिही.