फुटबॉलचें संवत्सरफल

वर्षप्रतिपदेस कडुनिंबाचीं पानें खाऊन पंचांगांतील संवत्सरफल ऐकण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. पाऊस किती पडेल, धान्य महागेल कीं स्वस्त होईल, हें सर्व घर एकत्र बसून ऐकतें. मागील वर्षाचें फल खरें ठरलें कीं नाहीं, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. अमेरिकेंत असाच फलश्रवणाचा काल दरवर्षीं गणपतीच्या सुमारास येतो. तेथील धंदेवाईक फुटबॉलचा हंगाम सप्टेंबरांत सुरू होतो, आणि कोणता संघ वर चढेल व कोणता तळाशीं जाईल याचीं भाकितें घरोघर ऐकूं येऊं लागतात. ज्यांचीं मुलेंबाळें तिकडे स्थायिक झालीं आहेत, अशा वाचकांच्या कानांवर हा विषय आलाच असेल. या भाकितांत शास्त्र किती आणि हौस किती, याचा आज थोडा विचार करूं.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा, पायानें खेळावयाचा नव्हे. यांतील चेंडू लांबट असून तो बहुधा हातांत घेऊन धांवावयाचा किंवा फेंकावयाचा असतो. लीगमध्यें ३२ संघ आहेत. चार-चार संघांचे आठ गट. बेसबॉलच्या संघास वर्षांत १६२ सामने मिळतात, त्यामुळें दैवाचे फटके कालांतरानें भरून निघतात. फुटबॉलच्या संघास अवघे १७. एवढ्या अल्प अवकाशांत एक-दोन सामन्यांनीं सारें चित्र पालटतें.

उदाहरणार्थ, डॅलस, फिलाडेल्फिया, न्यू यॉर्क आणि वॉशिंग्टन या चार हाडवैऱ्यांचा गट घ्या. २००५ ते २०२४ या वीस हंगामांत आदल्या वर्षींचा विजेता पुन्हां गटांत पहिला आला, असें एकदांही घडलें नाहीं. वॉशिंग्टननें २०२३ सालीं ४ सामने जिंकले, २०२४ सालीं १२, आणि २०२५ सालीं पुन्हां ५. डॅलसनें २०२१ पासून सलग तीन वर्षें बारा-बारा सामने जिंकले. चौथ्या वर्षीं त्याची मजल सातांवरच संपली. २०२० सालीं तर वॉशिंग्टननें १६ पैकीं ९ सामने हरूनही गट जिंकला, कारण बाकीचे तिघे त्याहून वाईट खेळले होते!

ही अस्थिरता केवळ दैवाची नव्हे. ती बुद्ध्या घडविलेली आहे. फिलाडेल्फियाचा संघ सारखा हरत असे, तेव्हां त्याचे मालक बर्ट बेल यांनीं १९३५ सालीं सुचविलें कीं, महाविद्यालयांतून येणारे नवे खेळाडू निवडण्याचा पहिला मान सर्वांत मागें राहिलेल्या संघास द्यावा. त्याप्रमाणें १९३६ सालीं पहिली निवड झाली. मौज अशी कीं, त्या वर्षीं फिलाडेल्फियानें सर्वांत आधीं निवडलेला जे बर्वेंगर हा खेळाडू धंदेवाईक सामना एकही खेळला नाहीं. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चास मर्यादा आली, त्यामुळें श्रीमंत मालकास सारेच गुणी खेळाडू विकत घेतां येत नाहींत. शिवाय १७ पैकीं ३ सामने आदल्या वर्षींच्या क्रमांकावरून ठरतात. पहिला आलेल्यास पहिल्यांशींच झुंजावें लागतें.

दुसरें कारण क्वार्टरबॅक. चाल आरंभणारा, चेंडू फेंकणारा हा नायक जायबंदी झाला कीं बहुधा सर्व भाकितें कोलमडतात. पण तोही नियम पक्का नव्हे. २०१७ सालीं फिलाडेल्फियाचा क्वार्टरबॅक कार्सन वेन्ट्झ डिसेंबरांत गुडघ्यास दुखापत होऊन बसला. बदली आलेल्या निक फोल्सनें संघास अजिंक्यपद मिळवून दिलें. उलट २०२३ सालीं त्याच संघानें पहिल्या ११ सामन्यांपैकीं १० जिंकले आणि उरलेल्या सहांपैकीं पांच गमावले. त्या दहांतील कित्येक विजय निसटते होते, हें तेव्हां फार थोड्यांनीं मनावर घेतलें.

हा सर्व करमणुकीचा भाग झाला. परंतु २०१८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें, राज्यांना खेळांवरील पैजा खुल्या करण्यास मनाई करणारा १९९२ चा कायदा रद्द केला. तेव्हांपासून तीसांहून अधिक राज्यांत ही वाट मोकळी झाली, आणि आतां तरुणांच्या खिशांतील फोनवरच पैजेचें दुकान थाटलें आहे. बरोबरीच्या पैजेंत १०० डॉलर जिंकावयाचे तर रूढीप्रमाणें ११० डॉलर पणास लावावे लागतात. म्हणजे शंभरांत पन्नास भाकितें खरीं ठरलीं तरी माणूस तोट्यांतच. साडेबावन्नांच्या आसपास खरीं ठरावीं, तेव्हां कोठें मुद्दल वांचतें. ज्या खेळाची रचनाच भाकितें चुकावींत अशी आहे, तेथें हें किती जणांस साधेल? आपलीं मुलें तिकडे असतील तर हा हिशेब त्यांच्यापुढें एकदां अवश्य मांडावा.

भाकीत करूंच नये, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. आमच्या एका स्नेह्यांचें बिऱ्हाड फिलाडेल्फियाजवळ आहे. तेथें हंगामाच्या आरंभीं घरांतील प्रत्येकजण एका वहींत आपलें भाकीत लिहितो, आणि पुढें खात्री किती आणे तेंही लिहितो. कांहींच ठाऊक नसेल तर चौघांस चार-चार आणे. कोणाचा कितीही अभिमान असो, आठांच्या वर सहसा जावयाचें नाहीं. जानेवारींत संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाला कीं वही उघडतात. पैसा एकही लागत नाहीं.

त्या घरांतील आजी दरवर्षीं एकच ओळ लिहीत: “मागचा जिंकणार नाहीं.” त्यांचें फल कधीं चुकलें नव्हतें. २०२५ च्या हंगामांत फिलाडेल्फियानें सलग दुसऱ्यांदा गट जिंकला आणि तें चुकलें. नातवानें हंसत वही पुढें केली, तेव्हां त्या म्हणाल्या, “अरे, वीसदां पडला म्हणून पाऊस काय करारानें बांधला जातो? आण ती लेखणी.” आणि त्यांनीं स्वतःच्या हातानें त्या ओळीपुढें ‘चुकलें’ असें लिहून ठेविलें. आपलें चुकलेलें फल असें लिहून ठेवणारा ज्योतिषी आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे.