परदेशात शिक्षकी (लेखांक ५) : इंग्लंडमधील माध्यमिक शाळा

इंग्लंडमध्ये गणित आणि भौतिकशास्त्राच्या शिक्षकांची चणचण जुनी आहे. या विषयांच्या पदवीधरांना इतरत्र चांगला पगार मिळतो, आणि शाळेत आलेल्यांपैकीही बरेचजण काही वर्षांत बाहेर पडतात. म्हणून तिथल्या शिक्षण खात्याने फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह आणखी काही देशांतील शिक्षकांना ‘क्वालिफाइड टीचर स्टेटस’ म्हणजेच क्यूटीएस या मान्यतेसाठी थेट अर्ज करण्याची मुभा दिली. भारतीयांसाठी ही वाट ११ ते १६ वर्षांच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा परकीय भाषा शिकवणाऱ्यांपुरतीच आहे. इतिहास-भूगोलाच्या शिक्षकाला तिचा उपयोग नाही.

अर्जाला शुल्क नाही. पदवी, शिक्षक प्रशिक्षण आणि किमान एका शालेय वर्षाचा अनुभव लागतो. मात्र क्यूटीएस हाती आले म्हणजे नोकरी लागली, असे नाही. महाराष्ट्रातल्या शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलसारखी व्यवस्था तिथे नसल्याने प्रत्येक शाळा आपापली जाहिरात देते, मुलाखत घेते आणि निवड करते. व्हिसासाठी शाळेकडे प्रायोजकत्वाचा परवाना असावा लागतो. खर्च आणि कागदपत्रांच्या कटकटीमुळे अनेक शाळा त्या फंदात पडत नाहीत, आणि चांगले अर्जही तिथेच अडतात.

शालेय वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होते. उन्हाळ्याच्या अखेरीस शाळा सोडणाऱ्या शिक्षकाला साधारणपणे ३१ मेपर्यंत राजीनामा द्यावा लागतो, त्यामुळे जाहिरातींची गर्दी त्याआधीच्या काही महिन्यांत असते. सरकारी संकेतस्थळावर त्या फुकट पाहता येतात. नोकरी शोधून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेण्यास तिथला १९७३ चा कायदा मनाई करतो. तरीही कोणी लाखभर रुपये मागत असेल, तर त्याच्यापासून दूर राहणेच शहाणपणाचे.

२०२४-२५ मध्ये पात्र शिक्षकाचा सुरुवातीचा वार्षिक पगार लंडनबाहेर ३१,६५० पौंड आणि लंडनच्या अंतर्भागात ३८,७६६ पौंड होता. रुपयांत हा आकडा डोळे दिपवतो, पण त्यातून कर, निवृत्तिवेतनाची वर्गणी आणि घरभाडे जाते. शिवाय व्हिसा काढतानाच माणशी आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो. प्रौढांसाठी तो वर्षाला १,०३५ पौंड आहे. कुटुंब बरोबर न्यायचे असेल, तर निर्णय बहुधा इथेच ठरतो.

खरी कसोटी वर्गात लागते. तीस मुलांचा वर्ग साठ मुलांच्या वर्गापेक्षा सोपा जाईल, ही अपेक्षा पहिल्याच आठवड्यात मोडते. मुले मधेच बोलतात, उलट उत्तर देतात, काम करायला नकार देतात. आवाज चढवून हे आवरत नाही. शाळेच्या ठरलेल्या पायऱ्या असतात: आधी ताकीद, मग वर्गाबाहेर पाठवणे, मग शाळेनंतर थांबवून ठेवणे. त्या प्रत्येक वेळी, प्रत्येक मुलाला सारख्याच लावल्या, तरच त्यांचा प्रभाव राहतो. एकाला सूट मिळाली, की उरलेले लगेच हिशोब मांडतात. भारतीय शिक्षकाचे विषयज्ञान बहुधा भक्कम असते. कमी पडतो तो या शिस्तयंत्रणेचा सराव, आणि बी.एड.च्या अभ्यासक्रमात तो मिळत नाही. स्थानिक बोलीच्या उच्चारांना कान सरावायलाही वेळ लागतो.

अडचणी एवढ्यावर थांबत नाहीत. विशेष गरजा असलेली मुले त्याच वर्गात असतात आणि त्यांच्यासाठी धड्यात बदल करणे ही विषयशिक्षकाचीच जबाबदारी असते. मुलाने घरातल्या छळाबद्दल काही सांगितले, तर गुप्ततेचे वचन देता येत नाही. ती माहिती शाळेतल्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे लगेच पोचवावी लागते. जीसीएसई या तिथल्या शालान्त परीक्षेत रीतीलाही गुण असतात, त्यामुळे चटकन तोंडी उत्तर काढून देणाऱ्या शिक्षकाला पायऱ्या लिहून घेण्याची सवय लावावी लागते. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाच्या वाट्याला खालच्या वर्गांत जीवशास्त्र आणि रसायनशास्त्रही येते. सरकारी अनुदानित शाळांतील करारानुसार तासिकांच्या किमान दहा टक्के वेळ पूर्वतयारी आणि तपासणीसाठी राखलेला असतो. उरलेली तपासणी संध्याकाळी होते.