वक्र संमिश्र नलिकांचे कंपन व स्थैर्य

काचेचे किंवा कार्बनचे तंतू राळेत बसवून केलेल्या नळीस संमिश्र नलिका म्हणतात. अशा नळीच्या वळणात, आतील द्रवाचा दाब सतत कमी-जास्त होत असताना, कोणती कंपने उद्भवतात आणि त्यांत ती नळी कितपत टिकून राहते, याचा विचार या विषयात होतो.

व्यावहारिक महत्त्व

यवतमाळ शहर पठारावर वसलेले आहे. निळोणा व चापडोह या जलाशयांवर ते अवलंबून असे. २०१८ च्या उन्हाळ्यात तेथे तीव्र पाणीटंचाई झाली. बेंबळा प्रकल्पाचे पाणी शहरापर्यंत आणावयाचे तर ते पंपाने चढवावे लागते. अशा कोणत्याही जलवाहिनीत वळणे अटळ असतात, आणि वीज गेल्याने पंप अचानक थांबला की दाबाची लाट उसळते. या घटनेस जलाघात म्हणतात. पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटरने एकाएकी बदलल्यास पोलादी नळीतील दाब सुमारे १० बारने बदलतो. काचतंतूंची नळी अधिक लवचीक असल्याने तिच्यात हा बदल साधारणतः निम्म्यावर येतो.

वळणावरील बल

वळणाच्या बाहेरील बाजूचे क्षेत्रफळ आतील बाजूपेक्षा जास्त असल्यामुळे दाब वळणास बाहेर ढकलतो. ५०० मिलिमीटर व्यासाच्या नळीत १० बार दाब असल्यास काटकोनी वळणावर सुमारे २८ टन वजनाइतके बल येते. दाब बदलला की हे बलही बदलते आणि वळण हलू लागते.

प्राचलिक अनुस्पंदन

दाबाबरोबर नळीचा ताठपणाही किंचित बदलतो. झोपाळ्यावर उभे राहिलेले मूल एका पूर्ण झोक्यात दोनदा गुडघे वाकवून उठते आणि झोका वाढत जातो. त्याचप्रमाणे दाबाच्या चढउताराची वारंवारता नळीच्या नैसर्गिक वारंवारतेच्या सुमारे दुप्पट झाली, तर लहानसा चढउतारही मोठे कंपन घडवू शकतो. याचे गणित माथ्यू यांनी १८६८ मध्ये मांडलेल्या समीकरणावर आधारलेले आहे.

तंतूंची दिशा

दोन्ही टोके बंद असलेल्या सरळ नळीत परिघाच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. म्हणून तंतू अक्षाशी सुमारे ५५ अंशांत गुंडाळतात. वळणात मात्र हा कोन सर्वत्र सारखा राखता येत नाही. शिवाय वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या दीडपट असल्यास वळणाच्या आतील बाजूस परिघीय ताण सरळ नळीपेक्षा २५ टक्के अधिक असतो.

उपाय

वळणामागे काँक्रीटचा आधारठोकळा बांधणे, आधारांतील अंतर बदलून नैसर्गिक वारंवारता पंपाच्या स्पंदनांपासून दूर नेणे, झडपा सावकाश बंद करणे आणि दाबाची लाट शोषणारी हवेची टाकी बसविणे हे प्रमुख उपाय होत. राळेमुळे कंपनाची काही ऊर्जा शोषली जाते; तथापि वारंवार ताण आल्यास राळेत सूक्ष्म भेगा पडून पाणी झिरपू लागते. म्हणून नळीची चाचणी घेताना केवळ कमाल दाब पाहणे पुरेसे नसते. दाबाचे चढउतार किती व किती वेळा होतात, हेही विचारात घ्यावे लागते.