*गाडी ऑइल पितेय? इंजिन खोलायच्या आधी एवढं तपासा*



माल मार्केटला न्यायला आपल्यापैकी अनेकांकडे डिझेल पिकअप आहे. "ऑइल टाकलं की पंधरा दिवसांत पट्टी कोरडी" ही त्यातली नेहमीची तक्रार. गॅरेजला गेलं की उत्तर ठरलेलं: "बोअर-रिंग गेली, इंजिन कामाला काढा." कधी ते खरंही असतं. पण गळकं पॅकिंग, तुंबलेला पाइप, चुकीचं ऑइल यांनीही ऑइल कमी होतं. इंजिन खोललं की खर्च मोठा आणि ऐन हंगामात गाडी उभी. म्हणून स्वस्त तपासणी आधी, महाग शेवटी.

*१) आधी मोजा*
गाडी सपाट जागेवर उभी करा. इंजिन बंद करून १० मिनिटं थांबा. पट्टी काढून पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, मग वाचा. उतारावर पाहिलं तर पट्टी खोटं सांगते. वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा आणि पट्टीचा व किलोमीटरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. दर २०० किमीला पट्टी बघा, खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नका. १,००० किमी झाले की एकूण किती ऑइल घालावं लागलं ते लिहा. ट्रॅक्टरला किलोमीटरऐवजी तास धरा.

थोडं ऑइल प्रत्येक इंजिन जाळतं. किती चालतं ते गाडीच्या पुस्तकात बघा. १,००० किमीला लिटरभर जात असेल तर मात्र कारण शोधाच.

भीतीपोटी वरच्या खुणेच्या वर भरू नका. जादा ऑइल क्रँक घुसळते, फेस होतो आणि ते ब्रीदरमधून बाहेर पडतं.

*२) गळती शोधा*
रात्री इंजिनखाली कोरडा पुठ्ठा ठेवा. पण काही गळती गाडी चालू असतानाच होते, पुठ्ठ्यावर थेंबही पडत नाही. म्हणून थंड इंजिन नीट पुसून घ्या आणि १००-२०० किमीनंतर टॉर्च मारून बघा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल फिल्टर, चेंबरच्या नटाचा वायसर, पुढचं क्रँक सील, इंजिन-गिअरबॉक्सचा जोड. जिथे धूळ चिकटून काळा चिखल झालाय, तिथेच किंवा त्याच्या वर गळती असते.

*३) ब्रीदर आणि एअर क्लीनर*
ब्रीदर पाइप तुंबला की इंजिनच्या आतला दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून बाहेर ढकललं जातं. पाइप काढून साफ करायला फारसा खर्च नाही. सील बदलूनही पुन्हा गळत असेल, तर आधी इथे बघा.

शेतरस्त्याची धूळ इंजिनचा खरा शत्रू. फाटका फिल्टर किंवा ढिला क्लॅम्प धूळ आत सोडतो, आणि ती रिंग व बोअर घासून टाकते. ट्रॅक्टरला ऑइलवाला एअर क्लीनर असेल तर वाटीत खुणेइतकंच ऑइल ठेवा. जास्त भरलं तर इंजिन तेच ओढून जाळतं.

*४) धूर काय सांगतो?*
• रात्रभर उभी गाडी चालू करताना निळा धूर, मग बंद: व्हॉल्व्ह सील.
• घाट उतरून पुन्हा रेस देताना निळा धूर: व्हॉल्व्ह सील किंवा गाइड.
• माल भरून चढताना सतत निळा धूर: रिंग-बोअर किंवा टर्बो.
• काळा धूर: बहुतेक वेळा हवा कमी किंवा डिझेल जास्त. तो ऑइलचा नव्हे.

व्हॉल्व्ह सीलसाठी पूर्ण इंजिन खोलावं लागत नाही.

*५) टर्बो*
टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा पाइप मेस्त्रीला काढायला सांगा. आत हलका ओलसरपणा चालतो. ऑइल साचलं असेल तर टर्बो तपासायचा. टर्बोतून ऑइल परत येणारी नळी तुंबली तरी तो ऑइल टाकतो, म्हणून ती आधी बघायला लावा. चढ चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, मिनिटभर स्लोवर ठेवा.

*६) आता रिंगचा नंबर*
कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर मागा. एकात कमी भरलं तर दोष तिथे. आकडा न बघता "इंजिन खोला" ला होकार देऊ नका. काम झालं की जुने पार्ट परत मागा.

⚠️ *इथे थांबू नका, गाडी बंद करा*
• ऑइलचा लाल दिवा लागला.
• ऑइल दुधासारखं झालं: पाणी मिसळलंय.
• पट्टीवर ऑइल आपोआप वाढलं: डिझेल किंवा कूलंट मिसळलंय.

बीएस-६ डिझेल गाडीला पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल घाला. चुकीच्या किंवा जळालेल्या ऑइलची राख सायलेन्सरमधला फिल्टर भरून टाकते, आणि तो भाग महाग आहे.

आजच पट्टी बघा, फोटो काढा. मेस्त्रीकडे जाताना "ऑइल लई पितेय" म्हणू नका. "१,००० किमीला इतकं" म्हणा. बोलणं तिथूनच बदलतं.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी
_ज्यांच्याकडे गाडी किंवा ट्रॅक्टर आहे त्या सभासदांना नक्की पाठवा._ 🙏